पीसीओएस आणि गर्भाशयातला जन्मजात पडदा: यांचा आपसात काही संबंध असतो का?

पाऊलखुणा (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला आहे, सांभाळून घ्या.

वय ३१. एकोणिसाव्या वर्षी पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, संप्रेरकं बिघडून अंडं वेळेवर न फुटण्याचा विकार) निदान झालं. पाळी पन्नास-साठ दिवसांनी, हनुवटीवर केस, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत ती सुप्रसिद्ध मोत्यांची माळ. तेव्हापासून मला काहीही झालं की उत्तर ठरलेलं: तुम्हाला पीसीओएस आहे ना, मग हे असं होणारच.

बाळासाठी प्रयत्न सुरू करून अडीच वर्षं झाली. लेट्रोझोलचे (अंडं फुटावं म्हणून घ्यायच्या गोळ्या) पाच महिने झाले, त्यातल्या चार महिन्यांत अंडं फुटलं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले, आठव्या आठवड्यात गर्भ गेला. त्यावरही उत्तर तेच, पीसीओएसमध्ये होतं असं.

मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी (गर्भाशयात औषध सोडून काढायचा एक्स-रे) केली. नलिका मोकळ्या निघाल्या. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती: गर्भाशयाच्या माथ्याला आतून खाच, 'सेप्टेट? बायकॉर्न्युएट?' दोन्हीपुढे प्रश्नचिन्ह. गेल्या बारा वर्षांत माझ्या किमान पंधरा सोनोग्राफी झाल्या असतील. दर वेळी अंडाशयांची मापं लिहिली गेली, फॉलिकल (अंडं वाढतं त्या पिशव्या) मोजले गेले, आणि गर्भाशयापुढे एकच शब्द, नॉर्मल. जन्मापासून असलेली गोष्ट पंधरा वेळा दिसली नाही?

एका डॉक्टरांनी सांगितलं, पडदा आहे, दुर्बिणीतून कापून टाकू, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्या म्हणाल्या, घाई नको, मुळात तो पडदाच आहे का ते आधी ठरू दे. या दोघींच्या मधे मी.

मला विचारायचंय ते हे. पीसीओएस आणि असा गर्भाशय यांचा खरंच संबंध असतो, की माझं नशीब दोन्हीकडून फुटकं? आणि कापावं की नाही?

टिंबटिंब

वाचनखूण साठवली आहे. माझं पीसीओएस आहे, गर्भाशयाचं कुणी कधी तपासलेलंच नाही, आता धाकधूक लागली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

(आठव्या आठवड्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं. त्यावर 'होतं असं' म्हणणाऱ्यांना काय बोलावं!)

जीवशास्त्रवाली

मी डॉक्टर नाही, गर्भविज्ञान शिकवते. त्यामुळे 'कापावं का' यावर गप्प बसेन, पण संबंधाबद्दल थोडं सांगू शकते.

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना त्याच्या पोटात डाव्या-उजव्या बाजूला एकेक बारीक नळी तयार होते. यांना म्युलरियन नलिका म्हणतात. त्या खाली सरकत मध्यरेषेवर येऊन एकमेकींना चिकटतात. चिकटलेल्या भागातून गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनीचा वरचा भाग होतो. वरचे न चिकटलेले तुकडे म्हणजे पुढच्या गर्भनलिका. चिकटल्यावर मधे अर्थातच दुहेरी भिंत राहते, ती हळूहळू विरत जाते आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास एकच पोकळी उरते.

आता यात कुठे काय अडलं त्यावर दोषाचा प्रकार ठरतो. एक नळी वाढलीच नाही तर एकशिंगी गर्भाशय. दोन्ही वाढल्या पण वरच्या भागात जुळल्याच नाहीत तर दोनशिंगी, म्हणजे बायकॉर्न्युएट. नीट जुळल्या पण मधली भिंत विरली नाही तर सेप्टेट, तुमच्या भाषेत पडदा. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरच्या दोन प्रश्नचिन्हांचा अर्थ अगदी वेगळा आहे: एकीत बांधणीच अर्धवट, दुसरीत बांधणी पूर्ण पण मधला बांबू काढायचा राहिला.

आणि अंडाशय? ते या नळ्यांपासून होतच नाहीत. त्यांचा अंकुर वेगळा, जागा वेगळी. याचा पुरावा म्हणजे सुमारे पाच हजारांतली एक मुलगी गर्भाशयाशिवाय जन्मते (एमआरकेएच), तिची अंडाशयं मात्र शाबूत असतात, संप्रेरकं वेळेवर तयार होतात, पाळी तेवढी येत नाही. म्हणून वरवर पाहता पीसीओएस आणि पडदा हे दोन वेगळ्या कारखान्यांचे बिघाड आहेत.

वरवर म्हटलं, कारण दोन्ही कारखान्यांत काही कारागीर सामाईक आहेत. त्याबद्दल रात्री लिहिते.

शंकासुर

कारागिरांच्या आधी माझा नेहमीचा रटाळ हिशोब.

पीसीओएस प्रजननक्षम वयातल्या ६ ते १३ टक्के स्त्रियांत असतं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा. गर्भाशयाचे जन्मजात दोष सर्वसाधारण स्त्रियांत ५.५ टक्के, वंध्यत्वासाठी आलेल्यांत ८, वारंवार गर्भपात झालेल्यांत १३.३, आणि दोन्ही त्रास असलेल्यांत २४.५ टक्के, असं २०११ च्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात आलं होतं. पीसीओएस दहा टक्के धरलं आणि दोहोंचा काडीचाही संबंध नाही असं मानलं, तरी हजारातल्या पाच-सहा जणींत दोन्ही गोष्टी एकत्र सापडणारच. नुसत्या योगायोगाने.

आता या पाच-सहा जणी कुठे जमतात? वंध्यत्वाच्या दवाखान्यात. तिथे बसून मोजणी केली तर दोन्ही एकत्र जास्त दिसतात, कारण एका कारणाने न आलेली दुसऱ्या कारणाने आलेली असते. शिवाय तिथे गर्भाशय बारकाईने बघतात, बाहेर कोण बघतंय? १९९०च्या दशकापासून काही दवाखान्यांनी पीसीओएसवाल्यांत गर्भाशयदोष जास्त सापडल्याचं लिहिलंय. पण गट लहान, व्याख्या वेगवेगळ्या, आणि बहुतेकांचे रुग्ण अशाच दवाखान्यातले. त्यावरून 'पीसीओएसमुळे पडदा होतो' इथपर्यंत उडी मारणं मला झेपत नाही.

पाऊलखुणा, 'नशीब फुटकं' वगैरे सोडा. दोन बऱ्यापैकी सर्रास आढळणाऱ्या गोष्टी एका माणसात असणं यात विशेष काही नाही.

जीवशास्त्रवाली

शंकासुरांशी बव्हंशी सहमत. तरी कारागीर सांगतेच, कारण ते मला स्वतःला फार आवडतात.

पहिला, डब्ल्यूएनटी४ नावाचं जनुक. मुलीच्या गर्भात म्युलरियन नळी तयार व्हायला ते लागतं, आणि अंडाशयाने पुरुषी संप्रेरकं बनवू नयेत याचा धाकही तेच ठेवतं. २००४ मध्ये एका तरुणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तिच्यात या जनुकात बदल होता, गर्भाशय नव्हता आणि अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, वाढलेली होती. म्हणजे एकाच जनुकाच्या गडबडीने दोन्ही टोकं हलली. मात्र असे रुग्ण जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्यासारख्या पीसीओएसचं कारण ते नव्हे.

दुसरा, एचओएक्सए१०. हे जनुक गर्भात असताना म्युलरियन नळीला 'तू गर्भाशय हो' असं सांगतं. गंमत म्हणजे मोठेपणीही ते निवृत्त होत नाही. दर महिन्याला अस्तर गर्भ रुजवून घ्यायला तयार होतं, तेव्हा ते पुन्हा जागं होतं. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या अस्तरात त्याचा आवाज कमी आढळला आहे, आणि प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉनने तो आणखी दबतो. मला विचाराल तर 'संबंध' हा शब्द कुठे वापरायचाच असेल तर तो इथे. पण हा संबंध आकाराशी नाही, अस्तराच्या वागण्याशी आहे.

तिसरा आणि सगळ्यात नाट्यमय, एएमएच. तपासणीच्या कागदावर 'अंड्यांचा साठा' म्हणून तुम्ही ज्याचा आकडा बघता, त्याचं पूर्ण नावच अँटी-म्युलरियन हार्मोन. आल्फ्रेड झोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात सशांच्या गर्भांवर काम करून दाखवलं की मुलग्याच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉनखेरीज आणखी काहीतरी निघतं, आणि तेच म्युलरियन नळ्या नाहीशा करतं. ते हे. आणि पीसीओएसमध्ये एएमएच इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतं!

इथे कुणालाही मोह होईल: एएमएच जास्त, एएमएच म्युलरियन नळीचं वैरी, म्हणून पीसीओएसमध्ये गर्भाशय बिघडतो. माझे विद्यार्थी दर वर्षी हेच लिहितात आणि मी दर वर्षी खोडते. गर्भाशय बांधला जातो तेव्हा त्या मुलीची अंडाशयं एएमएच बनवतच नसतात, ते गर्भारपणाच्या उत्तरार्धात सुरू होतं. मिस्त्री काम आटपून गेल्यावर आलेला माणूस भिंत कशी पाडणार?

मग आईचं एएमएच? २०१८ मध्ये एका फ्रेंच गटाने गाभण उंदरिणींना जादा एएमएच दिलं, तर त्यांच्या माद्या पिल्लांत मोठेपणी पीसीओएससारखी लक्षणं आली. पण तिथेही रस्ता मेंदूमार्गे होता. आईचा एलएच (मेंदूच्या तळच्या ग्रंथीतून अंडाशयाला हुकूम देणारं संप्रेरक) वाढला, टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि त्या वातावरणात पिल्लं वाढली. पिल्लांत पडद्याचे गर्भाशय झाले, असा तो निष्कर्ष नव्हे.

टिंबटिंब

मिस्त्रीचं उदाहरण आवडलं. शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर!

मग गर्भात असताना संप्रेरकांमुळे गर्भाशयाचा आकार बदलूच शकत नाही असं म्हणायचं का?

जीवशास्त्रवाली

नाही नाही, तसं नाही. डाएथिलस्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन एके काळी गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना देत. त्यांच्या मुली मोठ्या झाल्यावर अनेकींचा गर्भाशय इंग्रजी टी अक्षरासारखा निघाला. १९७१ मध्ये त्याचा कर्करोगाशी संबंध उघड झाला आणि अमेरिकेत गर्भवतींना ते देऊ नये असा इशारा निघाला. तेव्हा बाहेरून आलेलं संप्रेरक आकार बदलू शकतं हे पक्कं. ते नेहमीच्या पीसीओएसमध्ये घडतं हे मात्र कुणी दाखवलेलं नाही.

सोनोवाली

व्यवसायाने रेडिओलॉजिस्ट. 'पंधरा वेळा दिसली नाही?' हा प्रश्न आमच्या जमातीला आहे, तेव्हा कान पकडून उत्तर देते.

नेहमीची द्विमितीय सोनोग्राफी गर्भाशयाचे उभे आणि आडवे काप दाखवते. पडदा ओळखायला समोरून बघितल्यासारखा काप लागतो, ज्यात बाहेरचा माथा आणि आतली पोकळी एकाच चित्रात येतात. तो काप त्रिमितीय सोनोग्राफीत मिळतो, नेहमीच्या तपासणीत बहुधा मिळत नाही. आडव्या कापात अस्तर दोन ठिकाणी दिसलं तर शंका यायला हवी, पण चिठ्ठीवर 'पीसीओएस, फॉलिकल बघा' एवढंच लिहिलेलं असलं की डोळा अंडाशयाकडेच धावतो. कबूल.

एचएसजीचा दोष वेगळा. ती आतल्या पोकळीची सावली आहे. बाहेरचा माथा सपाट आहे की मधे खचलेला, हे तिला दिसूच शकत नाही, आणि सेप्टेट व बायकॉर्न्युएट यांतला फरक नेमका तिथेच आहे. बाहेरून एक सेंटिमीटरपेक्षा खोल खाच असेल तर बायकॉर्न्युएट, माथा सपाट असेल तर सेप्टेट. हे ठरवल्याशिवाय कात्री लावायची नाही, कारण बायकॉर्न्युएटमध्ये पडदा समजून आतून कापत गेलं तर गर्भाशयाला भोक पडून हत्यार थेट पोटात जाऊ शकतं. तुमच्या दुसऱ्या डॉक्टर बरोबर बोलल्या.

आता धाग्याच्या विषयाकडे येते. जनुकांचं मला फारसं कळत नाही, पण पीसीओएस आणि गर्भाशयदोष यांचा एक संबंध मी रोज बघते. पहिल्यामुळे दुसरा लपतो.

त्रिमितीय सोनोग्राफीसाठी उत्तम काळ म्हणजे अंडं फुटल्यानंतरचे दिवस. तेव्हा अस्तर जाड आणि पांढरं दिसतं, पोकळीची कड काजळ घातल्यासारखी उठून येते. पीसीओएसमध्ये अंडं बरेचदा फुटतच नाही, मग हे दिवस येणार कुठून? पातळ अस्तरात छोटा पडदा विरघळून जातो. उलट महिनोन् महिने पाळी न आल्याने अस्तर वेडंवाकडं जाडावलं असेल तर नसलेल्या गोष्टीही दिसतात. म्हणून मी अशा स्त्रियांना लेट्रोझोलने अंडं फुटलेल्या महिन्यातच, फुटल्यावर आठवड्याने बोलावते. ते शक्य नसेल तर डॉक्टरांना प्रोजेस्टेरॉन (अंडं फुटल्यावर अस्तर तयार करणारं संप्रेरक) द्यायला सांगते. एमआरआयनेही चित्र स्पष्ट होतं, पण बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

पाऊलखुणा, तुमचं अंडं औषधाने फुटतंय. पुढच्या महिन्यात फुटलं की सातव्या-आठव्या दिवशी त्रिमितीय करून घ्या. रिपोर्टमध्ये नुसतं नाव नको, आकडे मागा: खाचेची खोली किती, खाचेच्या टोकाचा कोन किती, माथ्याची भिंत किती जाड, बाहेरचा माथा कसा. आकडे का, ते रिपोर्ट आला की सांगते.

कृष्णविवर

एवढा काथ्याकूट कशाला? माझ्या धाकट्या बहिणीला पीसीओएसही होतं आणि पडदाही. तीन गर्भपात झाले. पडदा कापला, सात महिन्यांत दिवस राहिले, आज मुलगा चार वर्षांचा आहे. पाऊलखुणा ताई, सरळ कापून मोकळ्या व्हा. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं.

शंकासुर

बहिणीचं ऐकून मनापासून आनंद झाला. पण न कापता काय झालं असतं हे आपल्याला कसं कळणार?

नेमका हाच प्रश्न घेऊन एक चाचणी झाली, ट्रस्ट नावाची, २०२१ मध्ये प्रसिद्ध. पडदा असलेल्या आणि वंध्यत्व, गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांपैकी काहीतरी घडलेल्या ८० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत विभागलं. एका गटाचा पडदा कापला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. कापलेल्यांत ३१ टक्क्यांना मूल झालं, न कापलेल्यांत ३५ टक्क्यांना. कापण्याचा फायदा दिसला नाही.

सोनोवाली

हो, पण ही चाचणी एखाद्याच्या तोंडावर फेकून मारण्याइतकी भक्कमही नाही. अनेक देशांतून मिळून ऐंशी स्त्रिया गोळा करायला आठ वर्षं लागली. बहुतेक सर्जन आणि बहुतेक रुग्ण चिठ्ठीवर भरवसा ठेवायला तयारच नव्हते. त्यात वंध्यत्वाच्या आणि गर्भपाताच्या स्त्रिया एकत्र घातल्या. तीन गर्भपात आणि दोन सेंटिमीटरचा पडदा अशी कृष्णविवरांच्या बहिणीसारखी स्त्री समोर असली तर कापायचा सल्ला आजही पुष्कळजण देतील, आणि त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. एक गर्भपात आणि पुसटशी खाच, ही गोष्ट निराळी.

कृष्णविवर, काम छोटं असतं हे खरं. पण आत चिकटण्या होऊ शकतात, हे त्या पंधरा-वीस मिनिटांत मोजलेलं नसतं.

कृष्णविवर

बहिणीच्या पडद्याची खोली किती होती ते मला ठाऊक नाही. विचारतो. 'सरळ कापा' हे मागे घेतो.

रेषेवरची

ही चर्चा वाचून लॉगिन केलं, दोन वर्षांनी.

मी एकशिंगी, शिवाय पीसीओएस. माझ्या बाबतीत गोंधळ उलटा झाला होता. पीसीओएस ठरवताना डावं अंडाशय सोनोग्राफीत सापडतच नव्हतं. 'एकच अंडाशय आहे' असं चार वर्षं फाईलवर होतं. पुढे एमआरआयमध्ये ते सापडलं, नेहमीच्या जागेपेक्षा बरंच वर बसलेलं. त्याच तपासणीत डावीकडचं मूत्रपिंडच नाही हेही कळलं. एकशिंगी असलेल्यांत मूत्रपिंडाचे दोष पुष्कळ आढळतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. कुणाच्या रिपोर्टवर 'युनिकॉर्न्युएट' असेल तर मूत्रपिंडं बघून घ्या, एवढं तरी माझ्याकडून.

डावीकडे एक खुरटं शिंग होतं, मुख्य गर्भाशयाशी न जोडलेलं, आत अस्तर असलेलं. ते दुर्बिणीतून काढलं. त्यात गर्भ रुजला तर ते फुटू शकतं, आणि गर्भनलिका बाहेरून मोकळी असली की तिथे गर्भ जाऊ शकतो, म्हणून.

पण मला सांगायचंय ते औषधाबद्दल. पीसीओएसमध्ये अंडाशय औषधाला कधीकधी दाद देत नाही, आणि देतं तेव्हा एकदम पाच-सहा फॉलिकल वर येतात. इतर बायकांत जुळं राहणं हा धोका असतो, माझ्यासारखीच्या अर्ध्या गर्भाशयात ते संकट. एका महिन्यात चार फॉलिकल १६ मिलिमीटरच्या पुढे गेले. तो महिना सोडून द्यायला सांगितलं तेव्हा मी दवाखान्यात रडले, भांडले. आज वाटतं, बरं झालं सोडला. पुढे आयव्हीएफमध्येही एकच गर्भ सोडला. चौतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, पायाळू होती म्हणून सिझेरियन.

जीवशास्त्रवाली

मूत्रपिंड घडवणारा अंकुर म्युलरियन नळीच्या शेजारच्याच वुल्फियन नळीतून फुटतो, आणि म्युलरियन नळी त्या वुल्फियन नळीचा हात धरूनच खाली उतरते. म्हणून एका बाजूला शिंगही नाही आणि मूत्रपिंडही नाही. बघा, जिथे संबंध खरा असतो तिथे तो असा ढळढळीत दिसतो. पीसीओएस आणि पडद्यात तसा दिसत नाही.

शंकासुर

रेषेवरची, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे.

औषधाच्या निवडीबद्दल एक पुरवणी. पीसीओएसमध्ये अंडं फुटण्यासाठी लेट्रोझोलला पहिली पसंती देतात. २०१४ च्या ७५० स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत लेट्रोझोलने २७.५ टक्क्यांना मूल झालं, क्लोमिफीन या जुन्या औषधाने १९.१. जुळ्यांचं प्रमाण ३.४ आणि ७.४ टक्के. जुळ्यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नव्हता, पण लेट्रोझोलमध्ये मेंदू आणि अंडाशयातला संवाद चालू राहत असल्याने बहुधा एकच फॉलिकल पुढे जातो, हे त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. गर्भाशयात जागा कमी असेल तर हा मुद्दा मोठा.

घरचा_माणूस

नवऱ्यांच्या बाजूने एक विचारतो. सगळ्या धाग्यात वीर्य तपासणीचा उल्लेखही नाही. आमच्याकडे बायकोचं पीसीओएस कळल्यावर दोन वर्षं फक्त तिच्यावर उपचार झाले. माझी तपासणी केली तेव्हा दोष निम्मा माझा निघाला. पाऊलखुणा, यजमानांची झाली आहे ना?

पाऊलखुणा

झाली आहे, ठीक आहे. मात्र अगदी शेवटी, मीच हट्ट केल्यावर. तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

रेषेवरची, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. धन्यवाद.

टिंबटिंब

एक भाबडा प्रश्न. पीसीओएसच्या प्रत्येकीने त्रिमितीय सोनोग्राफी करून घ्यावी का? मी अजून बाळाचा विचारही करत नाहीये.

सोनोवाली

मग धावपळ नको. त्रास नसताना खाच शोधून काढली की ती डोक्यात जाऊन बसते, आणि हल्लीच्या व्याख्या लावल्या तर खाच पुष्कळजणींत निघते. वंध्यत्वासाठी तपासण्या सुरू झाल्या, गर्भपात झाला, किंवा औषधाने अंडं नियमित फुटूनही सहा-सात महिन्यांत काही घडलं नाही, तर मात्र गर्भाशयाकडे मान वळवायला हवी. तुम्ही सध्या एवढंच बघा की पाळी तीन महिन्यांपेक्षा जास्त लांबत नाही ना. लांबत असेल तर प्रोजेस्टेरॉनबद्दल विचारा, अस्तर साचत राहणं चांगलं नाही.

पाऊलखुणा

तीन आठवड्यांनी परत आले. अंडं फुटल्यावर आठव्या दिवशी त्रिमितीय सोनोग्राफी झाली. आकडे मागितले तर तिथल्या डॉक्टरांनी आधी चमकून बघितलं, मग नीट लिहून दिले.

बाहेरचा माथा: सपाट. आतली खाच: ८ मिलिमीटर. कोन: ११० अंश. माथ्याची भिंत: १३ मिलिमीटर. खाली निष्कर्ष: 'पार्शियल सेप्टेट'.

पुन्हा तोच शब्द. सोनोवाली, आकडे का मागायला सांगितले होते?

सोनोवाली

यासाठीच! तुमचा रिपोर्ट मी विद्यार्थ्यांना दाखवावा असा आहे.

युरोपीय संस्थांची २०१३ ची व्याख्या म्हणते, खाच भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त असेल तर सेप्टेट. ८ भागिले १३, म्हणजे सुमारे ६२ टक्के. तुम्ही सेप्टेट. अमेरिकी संस्थेची २०२१ ची व्याख्या म्हणते, खाच एक सेंटिमीटरहून खोल आणि कोन ९० अंशांहून लहान असेल तर सेप्टेट. तुमची खाच ८ मिलिमीटर, कोन ११०. तुम्ही सेप्टेट नाही. तज्ज्ञांच्या एका गटाने २०१८ मध्ये १० मिलिमीटर ही रेघ मारली, तिच्याही तुम्ही अलीकडेच.

तोच गर्भाशय, तीच सोनोग्राफी, आणि कुठली व्याख्या धरली त्यावर तुम्हाला जन्मजात दोष आहे किंवा नाही. बायकॉर्न्युएट नाही, एवढं मात्र नक्की. ८ मिलिमीटरसाठी मी माझ्या सख्ख्या बहिणीला कापून घे म्हणणार नाही. अर्थात निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

शंकासुर

म्हणजे 'पीसीओएसमध्ये गर्भाशयदोष किती टक्के' हे मोजणाऱ्या अभ्यासांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, त्याचं उत्तर याच रिपोर्टात आहे. आधी दोष कशाला म्हणायचं ते ठरवा, मग संबंध शोधा.

पाऊलखुणा

वाचून आधी हसू आलं आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही. तीन आठवडे मी स्वतःला 'पडदेवाली' म्हणून हाक मारत होते.

काल दुसऱ्या डॉक्टरांकडे आकडे घेऊन गेलो. त्यांनीही तेच सांगितलं, आत्ता कापायचं नाही. लेट्रोझोल आणखी दोन महिने, फॉलिकल दोनपेक्षा जास्त आले तर तो महिना सोडायचा, आणि दिवस राहिले तर सोळाव्या आठवड्यापासून गर्भाशयमुखाच्या लांबीवर लक्ष ठेवायचं. पुन्हा गर्भपात झाला तर दुर्बिणीचा विचार नव्याने करू. आठव्या आठवड्यातला गर्भ कशामुळे गेला, हे विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या लवकरचे बहुतेक गर्भ गुणसूत्रांच्या चुकीमुळे जातात, तुमचा कशामुळे गेला ते आता कुणालाही सांगता येणार नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पीसीओएसचं नाव न घेता उत्तर दिलं.

टिंबटिंब

हुश्श. पुढचं कळवत राहा गं.

पाऊलखुणा

आजची सोनोग्राफी: उजवीकडे १७ मिलिमीटर, एकच. डावीकडे सगळे लहान. अस्तर ७.५. परवा पुन्हा बोलावलंय.